लवू तांडेल बोट बघायला जातात

आमचे सासरे लवू तांडेल यांच्या हातून आयुष्यात कधी चूक झाली नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणत. एखादी गोष्ट बिघडलीच तर दोष वाऱ्याचा असे, इंजिनाचा असे, सरकारचा असे, आणि यांपैकी कोणी हाताशी नसेल तर सासूबाईंचा असे. मिसरूड फुटायच्या वयात ते रत्नागिरीकडच्या एका वाडीतून उत्तनला खलाशी म्हणून आले. लोकांच्या बोटींवर राबता राबता पुढे तांडेल झाले, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, ज्याच्या शब्दाशिवाय बाकीचे हलत नाहीत. तेव्हापासून त्यांनी धरून ठेवलं की उरलेलं जगही त्यांच्या शब्दासाठीच खोळंबून उभं आहे.

मी निशिगंधा, त्यांची सून. मी वाढले मीरा रोडला, बिल्डिंगमध्ये. माझे वडील हाटकेशच्या एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे आणि समुद्राशी आमचा संबंध रविवारच्या बांगड्यापुरता. लग्न होऊन उत्तनला आले तेव्हा माझ्या आईला काळजी होती की मला सुक्या बोंबलांच्या वासाची सवय कशी होणार. ती आठवड्यात झाली. सासऱ्यांची व्हायला वेळ लागला. मी त्यांना बाबा म्हणते, अहो-जाहो करते, समोरून जाताना पदर सावरते. मनात काय म्हणते ते मनातच ठेवते, निदान आजपर्यंत ठेवत होते.

त्यांचं एक तत्त्व होतं. बोटीवर बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही. यात खोटं काही नाही. भर समुद्रात तांडेल एकदा एक म्हणाला आणि लगेच दुसरं म्हणाला, तर खलाशांचा गोंधळ होतो, आणि गोंधळात माणूस पाण्यात जातो. म्हणून तांडेलाने बोलायच्या आधी हवा तेवढा विचार करावा, पण बोलल्यावर फिरू नये. उत्तनच्या किनाऱ्यावर हे सगळेच मानतात. फरक एवढाच की बाकीचे तांडेल किनाऱ्याला लागले की माणसात येतात. आमचे आले नाहीत.

एकदा भाईंदर स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाल्याने बाबांच्या मांडीवर जवळजवळ चौथा माणूस बसवला. हे म्हणाले, आजपासून रिक्षात बसणार नाही. झालं. तेव्हापासून बस, आणि बस चुकली तर पाय. पुढे सासूबाईंचा पाय मुरगळला तेव्हा त्यांना रिक्षात बसवून हे मागून बसने आले, आणि हे डॉक्टरकडे पोचले तोवर सासूबाई पट्टी बांधून घेऊन बाजारात आपल्या पाटीमागे जाऊन बसलेल्या होत्या. आमच्या लग्नात जिलेबीला ते रबर म्हणाले आणि पुन्हा जिलेबी तोंडात घालणार नाही असं जाहीर करून बसले. नीलेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जिलेबी जीव की प्राण. घरात जिलेबी येणंच बंद झालं, म्हणून तो बिचारा माझ्या माहेरी जाऊन चोरून खातो. माझी आई समजते जावयाला सासुरवाडीची ओढ आहे.

आता सासूबाई. गोदूबाई म्हटलं की भाईंदर पश्चिमेच्या मच्छीबाजारात कोणीही जागा दाखवेल, बहुतेक जण जरा लांबूनच दाखवतील. त्यांच्या पाटीवरचा मासा कल्ला न बघता कोणी पिशवीत टाकला तर त्या गिऱ्हाईकाला परत बोलावून झाडतात, की असा कसा डोळे मिटून घेतोस, उद्या कोणी सडका गळ्यात मारेल तेव्हा माझ्या नावाने रडशील. त्यांच्या आणि सासऱ्यांच्या संसारात भांडण रोजचं. पण इतक्या वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्यांनी ऐकले नव्हते. त्याची त्यांना खंत होती, आणि ती त्या दिवसातून एकदा तरी बोलून दाखवत.

आमची स्वतःची होडी होती, ‘गोदावरी’ नावाची. सासूबाईंच्या मासळीच्या पैशावर घेतलेली, म्हणून नाव त्यांचं. गुणी होती, पण लहान. किनाऱ्यापासून फार लांब जाता यायचं नाही, आणि किनाऱ्याजवळ मासा उरला नव्हता. नीलेश हळूहळू मीरा रोडच्या मॉलमध्ये सिक्युरिटीत लागायच्या गोष्टी करायला लागला. सासऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मोठ्या बोटीचा शोध सुरू केला. मोठी बोट म्हणजे चार-पाच दिवस खोल समुद्रात, बर्फ भरून, तिथेच रांधून, तिथेच झोपून. आमचा सार्थक तेव्हा रांगत होता. मी कोणाला बोलले नाही, पण मला मॉलच बरा वाटत होता. मॉल बुडत नाही.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात बोट सापडली. बस्त्याव नावाचे उत्तनचे एक जुने मच्छीमार होते, सासऱ्यांच्या बरोबरीचे. दोघांनी तरुणपणी एकाच बोटीवर काम केलेलं. त्यांचा मुलगा गेला जहाजावर, मागे बोट चालवणारं कोणी नाही, म्हणून बस्त्यावकाकांनी आपली ‘मारिया’ विकायला काढली. लाकडी बोट, चांगली ऐसपैस, इंजिन धडधाकट. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा उत्तनच्या बोटी वाळूवर ओढून ठेवतात. पण ‘मारिया’ ओढायला माणसं जमली नाहीत, म्हणून बस्त्यावकाकांनी ती भाईंदरच्या खाडीत आणून नांगरून ठेवली होती.

सासूबाईंना इथेच वास आला. वाळूवर ओढलेल्या बोटीचं पोट दिसतं, फळी न् फळी टोचून बघता येते. पाण्यात उभ्या बोटीचं काय बघणार? त्या म्हणाल्या, आधी बोट वर ओढायला लावा, खालची लाकडं बघा, किडा लागलाय का बघा, मग तोंड उघडा. सासरे म्हणाले, तांडेल मी का तू? आणि नारळी पौर्णिमेच्या आत सौदा झाला नाही तर बोट दुसरा कोणी उचलेल. तेवढ्यावर तो विषय त्यांच्या बाजूने संपला.

बोट बघायला जायच्या दिवशी सासूबाईंना बाजार सोडता येणार नव्हता, म्हणून त्यांनी मला पाठवलं. बोटीतलं मला काही कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझी नेमणूक वेगळ्याच कामावर होती. उत्तनला बोटीचा सौदा झाला की बाटली उघडतात, पहिली धार बोटीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर ओततात आणि मग देणारा-घेणारा एकाच पेल्यातून घोट घेतात. सासूबाईंचं म्हणणं, काही सौद्यांत बाटली आधी उघडते आणि बोट नंतर बघतात. तसं झालं नाही पाहिजे. सार्थकला शेजारी ठेवून मी निघाले. मी, नीलेश आणि बाबा बसस्टॉपवर उभे राहिलो, आणि समोरून रिकाम्या रिक्षा जात होत्या.

आठवडाभर पाऊस धो धो कोसळून त्या दिवशी उघडला होता. ओहोटी चालू होती. खाडीचं पाणी लाल, गढूळ, वरच्या अंगाने झाडाच्या फांद्या, थर्माकोल, चपला असं सगळं घेऊन समुद्राकडे चाललेलं. बस्त्यावकाका एका छोट्या होडक्यातून आम्हाला बोटीपर्यंत घेऊन गेले. ‘मारिया’ दिसायला देखणी होती. निळा-पिवळा रंग ताजा दिलेला, अजून वास येत होता. नीलेश चढला तो थेट मागे सुकाणूपाशी गेला आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला. मॉलची गोष्ट त्याच्या चेहऱ्यावरून तिथल्या तिथे पुसली गेली.

मग बाबांनी बोट बघायला घेतली. मला बघायला आले होते तेव्हा त्यांनी मला याच्या निम्मंही बघितलं नव्हतं. लाकडी हातोडीने प्रत्येक फळी ठोकायची, कान लावायचा, मान हलवायची, पुढे सरकायचं. ठणठणीत फळी घट्ट वाजते, आतून गेलेली भसभस वाजते, असं त्यांनी मला जाता जाता सांगितलं. फळ्यांच्या फटीत कापूस आणि राळ ठासलेली असते, तिथे ते दाभण टोचत होते. दाभण टोचलं की बस्त्यावकाका आपल्यालाच टोचल्यासारखं तोंड करायचे. होडक्यात उतरून बाबांनी बाहेरूनही सगळी बाजू ठोकून काढली, अगदी पाण्याच्या रेघेपर्यंत. इंजिन चालू करून ऐकलं. सुकाणू हलवून बघितलं. नीलेशला बाजूला व्हायला सांगावं लागलं.

हे सगळं पाण्याच्या वर होतं. मी विचारलं, बाबा, खालचं कसं बघणार? बस्त्यावकाका म्हणाले, पुनवेनंतर माणसं जमवू, वर ओढू, मग हवं तेवढं बघा. पुनवेनंतर म्हणजे सौद्यानंतर, हे मलाही कळलं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बिल्डिंगमध्ये वाढल्याचा मला पश्चात्ताप व्हावा. म्हणाले, खालचं वरूनच बघतात, ये दाखवतो.

त्यांनी बोटीच्या पोटावरच्या फळ्या उचलल्या. खाली काळं पाणी डचमळत होतं. वर डिझेलचा तवंग, कुजक्या मासळीचा असा वास की डोळ्यांतून पाणी आलं. बस्त्यावकाका लगेच म्हणाले, पाऊस किती झाला बघताय ना, पावसाचं साठलंय, उपसायला माणूस मिळत न्हाय. बाबा म्हणाले, ते आपण आता बघू. आणि मला त्यांनी सगळं समजावून दिलं. बोटीत पाणी दोनच ठिकाणांहून येतं, आभाळातून नाहीतर समुद्रातून. आभाळातलं गोड, समुद्रातलं खारट. तोंडात धरलं की जीभ सांगते. गोड लागलं तर बोट घट्ट आहे, खारट लागलं तर पोटाला भोक आहे. उत्तनला जुनी माणसं अशीच बघतात, तिला वर ओढायची गरज नाही.

मी म्हटलं, हे पाणी तुम्ही तोंडात घेणार? ते वाकले, हाताने तवंग बाजूला सारला, ओंजळभर पाणी घेतलं आणि गुळणी करावी तसं तोंडात फिरवलं. गाल फुगवून, डोळे मिटून, सावकाश. मी तोंड फिरवलं. त्या पाण्यात एक सुजलेला बोंबील तरंगत होता, तो त्यांनी बघितला होता की नाही कोण जाणे.

ते थुंकले आणि वर आले. म्हणाले, “गोड आहे. पाऊसच आहे. घेतली.”

पाच शब्दांची तीन वाक्यं आणि बोट झाली आमची. बस्त्यावकाकांचा चेहरा उजळला. नीलेशने सुकाणूवर थाप मारली. बाटली आली, पेला आला. बाटली बोट बघून झाल्यावरच आली होती, म्हणजे माझं काम चोख झालं होतं. बस्त्यावकाका नाळीकडे गेले, बाबांना हाक मारली. बाबा म्हणाले, थांब जरा, तोंडाला डिझेल लागलंय, असल्या तोंडाने चांगली दारू कशाला नासवू. आणि बोटीच्या कडेवरून वाकून त्यांनी खाडीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि चूळ भरली.

ती चूळ त्यांनी थुंकलीच नाही. गाल फुगलेले, मान खाली, हात तसाच कडेवर, असे ते वाकून राहिले. मला वाटलं, छातीत कळ आली. मग ते पाणी त्यांनी गिळलं आणि आणखी एक ओंजळ घेतली. तीही तोंडात फिरवली, अगदी मघासारखी, डोळे मिटून, सावकाश. दुसरी ओंजळ त्यांनी थुंकली आणि ते सरळ उभे राहिले, आणि त्यांनी नीलेशकडे बघितलं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. मीही कडेवरून वाकून हात बुडवला आणि जिभेला लावून बघितला. खाडीचं पाणी गोड होतं. आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत टँकरने यायचं ते याहून खारट असायचं. आठवडाभराचा पाऊस आणि वरून आलेलं नदीचं पाणी, त्यात ओहोटी, खाडीत मीठ राहिलंच नव्हतं. बाबांचा सगळा जन्म उघड्या समुद्रावर गेला. तिथे बाराही महिने पाणी खारट, तिथे जीभ खरं बोलते. इथे आभाळातलंही गोड आणि खालून शिरलेलंही गोड. ‘मारिया’च्या पोटातलं पाणी कुठून आलं ते जिभेला कळायची सोयच नव्हती.

हे त्या बोटीवर दोघांनाच कळलं होतं, त्यांना आणि मला. बस्त्यावकाका नाळीवर बाटली धरून उभे होते. नीलेश सुकाणूपाशी हसत होता. मी बोलू शकले असते. बोलायला हवं होतं. पण शब्द देऊन झाला होता, आणि तोही बोटीवर, आणि मला त्या माणसाची जिलेबी माहीत होती, रिक्षा माहीत होती. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की काही विचारू नका. वाटलं, हा म्हातारा आता पेला घेणार, घोट घेणार, घरी येऊन गुपचूप कापूस-राळ ठासणार, आणि चूक कबूल करण्यापेक्षा माझ्या नवऱ्याला भोकाच्या बोटीतून खोल समुद्रात नेणार. देव शप्पथ, मला तसंच वाटलं. 

बस्त्यावकाकांनी पेला पुढे केला. बाबांनी तो घेतला नाही. ते म्हणाले, “बस्त्याव, माझं चुकलं. बोट घेत नाही.”

बस्त्यावकाकांना आधी कळलंच नाही. नीलेशलाही कळलं नाही. तो पुढे येऊन विचारायला लागला, बाबा, काय झालं, बरं वाटत नाही का? बापाच्या तोंडून ते दोन शब्द त्याने जन्मात ऐकले नव्हते, त्यामुळे त्याने ते दुखण्याखाली जमा केले.

“बोटीवर बोललास तू, लवू,” बस्त्यावकाका म्हणाले. आवाज चढवला नाही, पण चेहरा उतरला होता. “तांडेल हायस ना?”

“बोललो. चुकीचं बोललो,” बाबा म्हणाले. “पाणी कुठलं ते मला कळलं नाही.”

मग त्यांनी खाडीच्या पाण्याचं सगळं सांगितलं. सांगताना ते कोणाकडेच बघत नव्हते, फळ्यांकडे बघत होते. बस्त्यावकाकांनी स्वतः ओंजळ भरून खाडीचं पाणी चाखलं आणि बाटली खाली ठेवली. मला इतका वेळ वाटत होतं की हा माणूस आम्हाला फसवतोय. तसं नव्हतं. तेही उत्तनचेच. पावसाळाभर येऊन ते पोटातलं पाणी चाखत होते, गोड लागलं की समाधानाने घरी जात होते. दोघांनी तरुणपणी एकाच म्हाताऱ्या तांडेलाकडून ही विद्या घेतली होती, आणि त्या म्हाताऱ्याने कधी पावसात खाडी चाखलेली नव्हती.

बाबा म्हणाले, आभाळ उघडलंय तोवर कोरडी करून बघू. सगळ्यांनी मिळून पोट उपसलं. मीही बालदी घेतली, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. कोरडं झाल्यावर पुसून काढलं आणि चौघं फळ्यांवर बसून खाली बघत राहिलो. वर लख्ख ऊन.  बऱ्याच वेळाने मधल्या जाड लाकडाच्या कडेने, जिथे तळाच्या फळ्या त्याला भिडतात, तिथे एक ओली रेघ उमटली. मग दुसरी. मग बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, भाताला आधण येताना येतात तसे. बाबांनी तिथे दाभण टेकवलं. जोर लावायची गरजच पडली नाही, ते मुठीपर्यंत आत गेलं.

बस्त्यावकाकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. खोल समुद्रात बर्फ आणि जाळ्यांचा भार अंगावर घेऊन, लाटेवर आपटत, ही फळी किती टिकली असती हे सगळ्यांनाच दिसत होतं. नीलेश खाली बघत होता. मी त्याचा हात धरला, सासऱ्यांच्या समोर, आणि सोडला नाही.

बाटली मात्र उघडली गेली. नाळीवर धार ओतली नाही, पण दोघा म्हाताऱ्यांनी पेल्यातून घोट घेतले, आळीपाळीने. मी आडवी आले नाही. माझी नेमणूक संपली होती आणि मलाही एक घोट मिळाला असता तर चाललं असतं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं.  त्यांनी आधी नीलेशच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला कारण नसताना ताटावर बसवलं. मग मला आत बोलावून विचारलं, नक्की काय म्हणाले? मी सांगितलं. म्हणाल्या, परत सांग. मी परत सांगितलं. कुठे बघून म्हणाले, हात कुठे होते, मोठ्याने म्हणाले की पुटपुटले, सगळं विचारून घेतलं. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, “सगळा जन्म वाट बघितली मी, आणि मेला नेमका मी बाजारात असताना बोलला.”

बाबा बाहेर ओट्यावर बसलेले होते. त्यांना ऐकू गेलं असणारच.   मी चहा नेऊन दिला. त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण पडले असते तर म्हणाले असते, सण आहे का आज. म्हणून चहात साखर जास्त घातली. त्यांनी प्यायला आणि कप परत दिला.

आम्हाला वाटलं, संपलं. नारळी पौर्णिमा आली. किनाऱ्यावर होड्या सजल्या, ‘गोदावरी’लाही नवा रंग आणि पताका. समुद्राला नारळ तांडेलाने द्यायचा असतो. आमच्या होडीचा नारळ दरवर्षी बाबा द्यायचे. त्या वर्षी पाण्यात उभं राहून त्यांनी नारळाला हळद-कुंकू लावलं आणि तो नीलेशच्या हातात ठेवला. नीलेशला वाटलं, धरायला दिलाय. तो धरून उभा राहिला. बाबा बाजूला सरले आणि म्हणाले, “दे. यापुढे तूच द्यायचा. बोटीवर शब्द फिरवला मी. आता माझ्या शब्दावर कोणी हलू नये.”

नीलेश म्हणाला, बाबा, तुम्ही माझ्यासाठी फिरवला. सासूबाईंनीसुद्धा भर किनाऱ्यावर त्यांना सुनावलं, की आयुष्यात एकदा शहाण्यासारखे वागलात आणि त्याचीच शिक्षा घेताय. ते हलले नाहीत. रिक्षात बसले नाहीत तेव्हा मी हसायचे, जिलेबीला हसायचे. पण त्यांनी ते तत्त्व फक्त दुसऱ्यांना छळायला ठेवलं नव्हतं. बोटीवरचा शब्द मोडला तर तांडेल राहायचं नाही, हे त्यांनी खरंच मानलं होतं, आणि तो मोडायच्या आधी, नीलेशकडे बघत उभे होते तेव्हाच, त्यांनी ही किंमत धरलेली होती. हे मला तिथे पाण्याकाठी उभं राहिल्यावर कळलं आणि मी रडले. सार्थक माझ्याकडे बघून रडला. नीलेशने नारळ पाण्यात सोडला.

दुसऱ्या दिवशी ‘गोदावरी’ निघाली. नीलेश मागे सुकाणूवर, बाबा पुढे खलाशाच्या जागी. तिथे ते कित्येक वर्षांत बसले नव्हते. पुढचं मला नीलेशने सांगितलं. आत गेल्यावर त्याने सवयीने इंजिन बारीक केलं आणि तो थांबला, बाबा आता सांगतील म्हणून. बाबाही थांबले. होडी तशीच डुलत राहिली. मग बाबांनी जाळं हातात घेऊन मागे वळून विचारलं, “तांडेल, जाळं कुठं टाकायचं?”

 नीलेशने कुठेतरी हात केला, उगीच, उत्तरेकडे. तिकडे खाली खडक आहे, मासा लागत नाही, हे उत्तनची पोरंटोरंही सांगतील. बाबांनी त्या दिशेला एकदा बघितलं आणि जाळं टाकलं. दुपारपर्यंत ते तिथे बसून होते. जाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि एक फाटकी चड्डी. बाबांनी ती जाळ्यातून सोडवली, बाजूला ठेवली, आणि पुन्हा कुठे टाकायचं ते विचारलं.